पावणेचार मिनिटं

मी रिळं तपासते.
पगार सरकारी, हातमोजे स्वतःचे.
लॉ कॉलेज रस्त्याच्या आत, टेकडीच्या पायथ्याशी,
एका थंड खोलीत
फिल्मला आंबूस वास सुटलाय का ते बघत बसते,
लोणच्याच्या बरणीत नाक घालावं तसं.

त्या डब्यावर लेबल नव्हतं.
कुणीतरी खिळ्यानं कोरलेलं: पोटफोडे. हंडा.
मला वाटलं, भांड्यांच्या दुकानाची जाहिरात.

सात ठिकाणी तुटलेलं. जोडलं.
उरलं ते पावणेचार मिनिटं.

मार्तंड पोटफोडे, राहणार तांबट आळी, कसबा पेठ.
आठव्या वर्षी हातात हातोडी,
विसाव्या वर्षी दोन्ही कान गेलेले.
त्या आळीत कान जायचेच,
सोयरीक जुळवताना कुणी ते विचारतसुद्धा नसे.
पण ठोका चुकायचा नाही त्याचा.
एक, दोन,
आणि तिसरा किंचित उशिरा.
पडद्यावर तो पडायचा तोही असाच,
आणि त्या किंचितवर
अख्खं पत्र्याचं थेटर फुटायचं.

हसू त्याला ऐकू येत नसे.
पहिल्या खेळाला म्हणे मागे अनवाणी उभा राहिला.
बाकांची थरथर फळ्यांतून तळपायांत चढली
तेव्हा त्याला कळलं, जमलंय.

चौदा चित्रं.
मग पडदा बोलायला लागला.
दिग्दर्शक ओरडला, "हं, बोला!"
मार्तंड उभा. चेहऱ्याला रंग, हात जोडलेले,
कुणीतरी खूण करील म्हणून.
संध्याकाळी टांग्याचे पैसे वाचवत
चालत आळीत आला.
हातोडी ठेवली होती तिथंच होती.

चित्रं वजनावर गेली.
कुणी धुऊन चांदी काढली,
राहिलेल्या पट्ट्यांच्या बांगड्या झाल्या.
मंडईच्या दारात डझनानं मिळत,
त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, घेतल्या.
काचेच्या वाजतात. या वाजत नाहीत.
चुलीपाशी जाताना काढून ठेवाव्या लागतात,
भस्सकन पेट घेतात.
रात्री ताटात भाकरी टाकणाऱ्या त्या मनगटावर
आपण पडतोय, उठतोय, पुन्हा पडतोय
हे त्याला दिसलं असेल का?

मी उगीच लिहितेय. याला पुरावा नाही.
पुरावा पावणेचार मिनिटांचा:
लग्नघरी हंडा पोचवायला निघालेला एक माणूस,
हंड्यात पडलेलं लिंबू,
लिंबू बघायला वाकलेलं डोकं. अडकलं.
पैलवान ओढतो. भटजी मंत्र म्हणतात.
न्हावी वस्तरा काढतो, सगळे त्याच्याकडे बघतात,
तो वस्तरा ठेवून देतो.
हंडा घातलेला माणूस विजेच्या खांबाला नमस्कार करून
वाट विचारतो.
एक बकरी दोन पावलं मागे सरते, मान खाली घालते
आणि तिथं रीळ संपतं.
डोकं निघालं की नाही, कुणाला ठाऊक नाही.

परवा त्यांचा नातू आला, सुरेंद्र पोटफोडे,
अजून आळीतच, बंब करणारा. मोठ्यानं बोलतो.
आजानं घरी यातलं अक्षर काढलं नव्हतं.
लाकडी खुर्च्यांच्या जोड रांगेत आम्ही दोघंच.
तो हसेना.
म्हणाला, "थांबवा! मागं घ्या!"
घेतलं.
"माणूस नका बघू, हंडा बघा.
मठारकाम आजाचं आहे.
डाव्या अंगाला ठोका जरा खोल जायचा त्याचा.
माझाही जातो."

पुन्हा लावलं.
पैलवान. भटजी. वस्तरा.
अंधारात त्याचं बोट खुर्चीच्या हातावर:
एक, दोन,
आणि मला राहवेना,
तोंडावर हातमोजा दाबून हसले,
आवाज न करता,
सरकारी नोकरीत हसतात तसं.

तो वळला.
"हसलात ना?" आळीभर ऐकू जाईल असं विचारलं त्यानं,
"खुर्ची हलली."